मनुबाईचं पान

बहारीनहून मोरूचा फोन आला तेव्हा गुणाजी नुकताच डबा उघडून बसला होता. तो शिकवायचा त्या नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी एक ते साडेचार कुणी नसायचं. सकाळची बॅच गेलेली, संध्याकाळची यायची. क्लासच्या मालकीण शुभदाताई घरी जेवायला जात, खालची दुकानं शटर ओढून घेत, आणि एप्रिलच्या उन्हात सगळी गल्ली अशी गप्प व्हायची की वरच्या मजल्यावरच्या पंख्याची करकर रस्त्यात ऐकू जावी.

"गुण्या, साइट झकास झालीय रे," मोरू म्हणाला. मोरू त्याचा चुलतभाऊ, बहारीनला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. "आमच्याकडे बाळकुमची आणखी चार पोरं आहेत, सगळ्यांनी बघितली. फक्त मनुआत्याच्या पानावर अक्षरं येत नायत. नुसती एबीसीडी दिसते."

"प्लगइन टाकलंस ना?"

"टाकलं. नायतर बाकीची पानं कशी दिसली असती? तेवढंच एक पान बिघडलंय."

"बघतो मी," गुणाजी म्हणाला आणि डब्याकडे वळला. असले फोन त्याला रोज येत.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालची ही गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येत नसे. म्हणजे पानाच्या पोटात सगळी इंग्रजी अक्षरं असायची, कुठे आकडा, कुठे तिरकी रेघ, आणि ती मराठी दिसावीत म्हणून बघणाऱ्याच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम लागायचा. त्यालाच प्लगइन म्हणत. तो रुसला की मराठी नाहीशी व्हायची आणि खालचा इंग्रजी कचरा उघडा पडायचा. गुणाजीने चार महिने बसून समाजाची ती साइट एकट्याने टाइप केली होती. त्यामुळे तो कचरा त्याला मराठीसारखाच वाचता यायचा. सवयीचा गुण, दुसरं काही नाही.

साइटची कल्पना बाबुरावांची. बाबुराव बाळकुमच्या कोळी समाजाचे अध्यक्ष. गुणाजी नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, तेव्हापासून त्याला होडी वल्हवायला शिकवण्यापासून ते या क्लासमध्ये चिकटवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं होतं. आपली माणसं आता जगभर पांगली, त्यांना गाव दिसलं पाहिजे, असं ते म्हणाले आणि गुणाजी कामाला लागला. 'आमची माणसं' या भागात त्याने गावातल्या गेलेल्या जुन्या माणसांचे फोटो लावले. मनुबाईचं पान त्याने सगळ्यांत आधी केलं होतं.

मनुबाई म्हणजे त्याची आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली ती कायमची. गुणाजीची आई भागीरथी मासळीची पाटी घेऊन कल्याणच्या बाजारात जायची, ती दिवेलागणीला परत यायची. मग गुणाजीला आणि त्याच्या बहिणीला, जनीला, न्हाऊ-जेवू घालणं, तापात उशाशी बसणं, हे सगळं आत्याने केलं. तीन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका दुपारी, ती खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेली आणि परत आली नाही. दोन दिवसांनी कोलशेतच्या बाजूला सापडली. गुणाजी तेव्हा परीक्षेसाठी कल्याणला मित्राकडे राहिलेला होता.

फोटोखाली काय लिहायचं ते त्याने आईला विचारलं होतं. तिने सांगितलेल्या तीन ओळी त्याने जशाच्या तशा टाइप केल्या, बाबुरावांनी वाचून मान डोलावली. 'मनुबाई, बाळकुम. श्रावणात भरतीच्या पाण्यात वाहून गेली. समाजाने पुष्कळ शोध घेतला.'

डबा झाल्यावर त्याने फोन लाइन मोडेमला जोडली. मोडेमने नेहमीची शिट्टी घातली, साइट उघडली. पानं एकामागून एक नीट येत होती. मनुबाईचं पान येताना मात्र मशीन क्षणभर अडखळलं आणि प्लगइन सापडत नाही अशी चौकट पुढे आली. चौकट बंद केली. फोटो आला. कपाळावर कुंकू नाही, मोठं गोंदण, डोळे थोडे किलकिले. खाली इंग्रजी कचरा.

गुणाजी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ओळी तीन नाहीत, एकच आहे.

त्याने ती सवयीने वाचली.

'मी वाहून नाय गेले.'

त्याने पुन्हा वाचली. अक्षर न् अक्षर तेच. कुणीतरी चेष्टा केली, हा पहिला विचार. पण साइटचा पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हता. त्याने मूळ फाइल उघडून बघितली, तीत त्याच्या तीन ओळी होत्या. ज्या कंपनीकडे साइट ठेवली होती तिथे फोन लावला. तिथल्या माणसाने तपासलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे तीन ओळी आहेत, साहेब. तुमची कॅश रिकामी करा."

ते बरोबरच होतं. एकदा बघितलेलं पान कॉम्प्युटर स्वतःपाशी साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच जुनं पान दाखवतो. त्या साठ्याला कॅश म्हणतात. माणूस पान बदलून बसतो आणि मशीन आपलं जुनंच उगाळत राहतं. क्लासमध्ये गुणाजी स्वतःच हे पोरांना शिकवायचा. त्याने कॅश रिकामी केली, मशीन बंद करून चालू केलं, पान पुन्हा मागवलं.

चौकट आली. फोटो आला. खाली आता दोन ओळी होत्या.

'मी वाहून नाय गेले. चिखलात पाय रुतले, कंबरेपावेतो.'

गुणाजी खुर्चीत मागे रेलला. पंखा फिरत होता. खिडक्या उन्हासाठी बंद होत्या, आणि तरीही खोलीत वास आला. ओहोटी लागल्यावर खाजणात जो येतो, काळ्या चिखलाचा, कुजक्या पाल्याचा, तो. ज्याचा जन्म खाडीवर गेला त्याला तो वास सांगावा लागत नाही. पण नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, बंद खिडक्यांत...

त्याने मशीन बंद केलं आणि साडेचारपर्यंत खाली पानाच्या टपरीशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं मशीन घेतलं. ज्या मशीनवर ही साइट कधी उघडलीच नव्हती, म्हणजे ज्याच्यापाशी जुनं काही साठलेलं असूच शकत नव्हतं. प्लगइन काढून नव्याने टाकलं. मनुबाईचं पान मागवलं.

तीन ओळी आल्या. त्याच्या नव्हत्या.

'मी वाहून नाय गेले. चिखलात पाय रुतले, कंबरेपावेतो. होडी आली, मी हात वर केला.'

आता तो चेष्टेचा विचार करत नव्हता. तो कॅश रिकामी करत होता आणि पान मागवत होता, कारण दर वेळी एक ओळ वाढत होती आणि पुढची ओळ आल्याशिवाय त्याला उठवत नव्हतं. रिकामं करायचं, मागवायचं. रिकामं करायचं, मागवायचं. वास एवढा दाटला की त्याने रुमाल नाकाशी धरला.

'होडीत दोघं व्हती.'

'वल्हं पुढं धरलं. हातात नाय दिलं.'

'बाबू बोलला, अंगठा देतंस का?'

गुणाजीचे हात कीबोर्डवरून आपोआप खाली आले.

अंगठा कशाचा ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीकाठची सुकटीची जागा, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वाळत आले, तिच्या सातबाऱ्यावर त्यांच्या घरातून मनुबाईचं नाव होतं. तिथे इमारती व्हायच्या होत्या. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. ती एकटी अडून बसली होती. मासळी मग कुठे, तुमच्या गॅलरीत वाळत घालू, असं तिने बाबुरावांना भर सभेत विचारलं होतं. ती गेल्यावर दीड वर्षात इमारती उभ्या राहिल्या. पहिल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, गुणाजी आणि त्याची आई आता राहत होते.

त्याने आणखी एकदा कॅश रिकामी केली. या वेळी मात्र त्याने मोडेममधून फोनची वायर उपसून काढली. आता मशीनमध्ये साठलेलं काही नव्हतं आणि बाहेरून काही यायला वाट नव्हती. आता पान दिसणंच शक्य नव्हतं. त्याला ते दिसायला नको होतं.

पान आलं. नेहमीपेक्षा लवकर आलं. शेवटच्या ओळीत एकच शब्द होता.

'आन्...'

पुढे काही नाही. तो खूप वेळ बघत बसला. पुढे काही आलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने क्लासला दांडी मारली आणि थेट बाळकुमच्या समाजमंदिरात गेला. बाबुराव बाहेरच्या कट्ट्यावर जाळं विणत बसले होते. होडी सोडून वर्षं झाली तरी हात त्यांचे थांबत नसत.

"काय रे, आज लवकर?"

"काका, मनुआत्या गेली त्या दुपारी तुम्ही खाडीत होतात?"

बाबुरावांच्या हातातली सुई थांबली नाही. पण टाका चुकला. तो उसवायला त्यांनी बराच वेळ लावला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिच्या पानावर आलंय. होतात का?"

समोरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जाऊ दिला त्यांनी. मग खालच्या मानेने बोलले. "तिला मारायचं नव्हतं रे कुणाला. पलीकडून मासळी घेऊन परत येत होतो. ती रुतलेली दिसली. म्हटलं, अशी तर ही ऐकायची नाय. घाबरली म्हंजे ऐकंल. पाव तास थांबलो, गुणा. नुसते थांबलो. भरतीला जोर होता त्या दिवशी... वल्हं टाकलं तेव्हा तिला ते धरता नाय आलं."

गुणाजीला वाटलं होतं आपण यांच्या अंगावर धावून जाऊ. तसं काही झालं नाही. ज्या हातांनी त्याला वल्हं धरायला शिकवलं त्या हातांकडे तो बघत राहिला. तिरडीला पहिला खांदा याच माणसाने दिला होता. कल्याणहून धावत आलेल्या गुणाजीला पोटाशी धरून हाच माणूस रडला होता, आणि ते रडणंही खरं असणार, हेच त्याला सहन होईना.

"मला लिहू दिलंत तुम्ही," तो म्हणाला. "वाहून गेली म्हणून. माझ्या हातांनी."

बाबुरावांनी जाळं गुंडाळायला घेतलं.

"होडीत तुमच्याबरोबर कोण होतं?"

"ते माझ्या तोंडून नको."

"काका, कोण होतं?"

"घरी जा, गुणा," बाबुराव म्हणाले. "तू घरी जा."

त्याला ते हाकलणं वाटलं. तो घरी आला, आईने वाढलेलं जेवला, आणि तिच्याशी एक शब्द न बोलता झोपला. तिनेही काही विचारलं नाही. तिने का विचारलं नाही, हा प्रश्न त्याने मनात येऊ दिला नाही.

सकाळी तो निघताना भागीरथी दारात उभी होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरून घट्ट बांधलेले.

"बाबू आलेला मघाशी, तू आंघोळीला गेलेलास तवा," ती म्हणाली. "बोलला, मनुच्या पानावर कायतरी दिसतंय तुला. मना दाखव."

"कशाला, आई? तुला कुठं वाचता येतं?"

"फोटू तर बघीन."

तो नको म्हणाला. ती ऐकेना. दुपारी दीड वाजता ती एकटीच रिक्षाने नौपाड्यात आली आणि चपला काढून, देवळात शिरावं तशी, क्लासमध्ये शिरली. शुभदाताई केव्हाच गेल्या होत्या. गुणाजीने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. तिने उभ्या जन्मात शाळेची पायरी बघितली नव्हती. रेशनच्या दुकानापासून मतदानापर्यंत सगळीकडे ती डावा अंगठा पुढे करायची.

त्याने मशीन चालू केलं. फोनची वायर जमिनीवर तशीच पडलेली होती, त्याने ती उचलली नाही. पान आलं. आधी चौकट, मग फोटो.

भागीरथीने फोटोकडे पाहिलं आणि पदर सावरला. घरात मोठं माणूस आल्यावर सावरतात तसा. मग तिने उजव्या हाताचं बोट उचललं आणि फोटोखालच्या पहिल्या इंग्रजी अक्षरावर ठेवलं.

"मी वाहून नाय गेले," ती म्हणाली.

गुणाजीला वाटलं आपण तिला केव्हातरी हे सांगितलं असेल. सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

बोट सरकत होतं. अक्षरं लावत लावत, लहान मूल वाचतं तशी, ती वाचत होती. "चिखलात... पाय रुतले. कंबरेपावेतो. होडी आली. मी हात... वर केला."

"आई..."

"होडीत दोघं व्हती. वल्हं पुढं धरलं. हातात नाय दिलं. बाबू बोलला, अंगठा देतंस का?"

बोट शेवटच्या शब्दाशी आलं. गुणाजी तिच्या खांद्यावरून बघत होता. त्या शब्दापुढे काही नव्हतं, पांढरा पडदा होता फक्त. बोट तिथे थांबलं नाही. कोऱ्या पडद्यावरून ते तसंच, त्याच संथ चालीने, पुढे निघालं.

"आन् भागीरथी बोलली," भागीरथीने वाचलं, "राहू दे जरा. पानी छातीला लागू दे. मंग बोलंल हो. मी तिला हाक मारली. दोनदा मारली. तिनं माझ्याकडं पाठ केली आन् पाटीतली मासळी निवडत बसली."

बोट पडद्याच्या कडेशी पोचलं आणि तिथून घसरून तिच्या मांडीवर पडलं.

पंख्याची करकर तेवढी चालू होती. वास आता नव्हता, हे गुणाजीच्या उशिरा लक्षात आलं.

"आई, तुला वाचता येतं?"

तिने त्याच्याकडे वर पाहिलं. चेहरा कोरडा होता. "मना कुठं वाचता येतं?" ती म्हणाली.

"खरं आहे हे?"

तिने मांडीवरचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तुना घर पायजे व्हतं. लग्नाचा झालेलास. कुडाच्या घरात कोन मुलगी देतंय? ती ऐकत नव्हती, गुणा. पाव तासानं काढनार व्हतो तिला."

बाबुरावांचाच पाव तास. किती वेळा दोघांनी बसून तो एकमेकांना सांगितला असेल. बाराव्याच्या दिवशी आईने पहिलं पान आत्याचं वाढलं होतं, तिच्या आवडीची चिंबोरी बाजूला काढून ठेवली होती, आणि गुणाजीला वाटलं होतं की नणंद-भावजयीत एवढी माया कुणी बघितली नसेल. त्या मायेवर तो तीन वर्षं जगला होता. त्याच जागेवर बांधलेल्या घरात निजत होता. आणि त्याला न विचारता ते सगळं त्याच्यासाठी झालं होतं.

त्याने मशीन बंद केलं. आईला रिक्षात बसवून दिलं. तिच्याबरोबर तो गेला नाही.

त्याच आठवड्यात त्याने मनुबाईचं पान काढून टाकलं, मग सगळी साइटच काढली. बाबुरावांनी कारण विचारलं नाही. पोलिसांत जावं असं त्याला दोन-तीनदा वाटलं. सांगायचं काय आणि पुरावा कशाचा, इथे येऊन तो अडायचा, आणि आरोपीत आपल्याच आईचं नाव, तिथे तर पारच थांबायचा. पण तिच्या हातचं त्याला जेववेना. समोर बसली की तिच्या डाव्या अंगठ्याकडे लक्ष जाई. शेवटी त्याने जनीला बोलावून घेतलं. जनी खडवलीला दिलेली, घर नदीपासून लांब, रानाच्या अंगाला. हवापालट म्हणून आईला थोडे दिवस ने, एवढंच तो म्हणाला. भागीरथी एका शब्दाने विरोध न करता गेली. निघताना तिने घराकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच बघत असावी.

पंधरा दिवसांनी, दुपारी, क्लासमध्ये जनीचा फोन आला. स्टेशनजवळच्या बूथवरून बोलत होती.

"आई बरी आहे ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे दादा. जेवते, झोपते. पोरांना चिंबोरी कशी धरायची ते दाखवते, काल सगळ्यांना घेऊन ओढ्यावर गेलेली. इतकी हसरी मी तिला कधी बघितली नव्हती." मग ती म्हणाली, "पण एक विचारू? तुमचं काही भांडण झालंय का तिकडे?"

"का?"

"आल्या दिवसापासून एक ताट जास्तीचं वाढते आणि झाकून ठेवते. मग दुपारभर ओट्यावर बसून वाटेकडे बघते. मला वाटलं तुझी वाट बघत असेल." तिचा आवाज खाली आला. "तसं नाही, दादा. मला रोज विचारते, भागीरथी अजून नाय आली? पहिल्यांदा मला मस्करी वाटली... आता माझ्याबरोबर आलीय ती, इथे बूथच्या बाहेर उभी आहे. काचेतून माझ्याकडेच बघतेय. फोनवर भागीरथी आहे का, विचारते." बूथचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, मग जनी कुजबुजली.

"मी काय सांगू तिला?"